सणाची कार्टुने आणि त्यांचे उत्तरार्ध



हमालांच्या आणि जिनिंगमधल्या कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने मुलांच्या कार्टूनवर व्याख्यान द्यावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. पण आमचा माणूस दिवसभर पोती वाहून संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याची मुले पडद्यासमोर बसलेली असतात. मुले जे पाहतात ते कोणीतरी मजुरी घेऊन तयार केलेले असते, आणि कोणीतरी नफ्यासाठी दाखवीत असते. मजुरी आली, नफा आला आणि आमची मुले आली. मग हा विषय आमचा नव्हे असे कोण म्हणेल?

आज आम्ही एकच प्रश्न घेऊन उभे आहोत. सणाच्या निमित्ताने निघालेली काही कार्टुने लोकांच्या मनात घर करून बसतात. मग त्यांचा दुसरा भाग निघतो, कधी तिसराही निघतो. नायक तोच, नाव तेच, रंग अधिक भडक. पण बहुधा तो मनाला लागत नाही. असे का व्हावे?

प्रारंभ आपल्या घरच्या उदाहरणापासून करू. २१ ऑक्टोबर २००५ रोजी, दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, 'हनुमान' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. दिग्दर्शक होते व्ही. जी. सामंत. आपल्याकडे पौराणिक चित्रपटांना तोटा नाही. पण पूर्ण लांबीचे, हाताने रेखाटलेले कार्टून थिएटरात लागते आणि आईबाप मुलांना घेऊन रांग लावतात, ही गोष्ट नवी होती. गोष्ट मात्र नवी नव्हती. बाळ मारुती सूर्याला फळ समजून झेपावतो, ऋषींच्या खोड्या काढतो, आणि त्याला शाप मिळतो की तुला तुझ्या शक्तीचा विसर पडेल. कोणी आठवण करून दिली तरच ती परत येईल. पुढे समुद्राच्या काठावर सगळी वानरसेना हताश होऊन बसते, तेव्हा म्हातारा जांबवान पुढे होतो आणि मारुतीला त्याच्या बळाची आठवण देतो. मग उड्डाण.

आमच्या वऱ्हाडात असे गाव सापडणे कठीण की जेथे मारुतीचे देऊळ नाही. तरीही ही गोष्ट प्रत्येक पिढीला नव्याने सांगावी लागते, कारण तिच्या पोटात एक उणीव आहे. नायक बलवान आहे, पण त्याला ते ठाऊक नाही. ही उणीव काढून टाका, म्हणजे गोष्टीत उड्डाण उरेल आणि समुद्र नाहीसा होईल.

याचा पुढचा भाग 'रिटर्न ऑफ हनुमान' २८ डिसेंबर २००७ रोजी, नाताळच्या आठवड्यात, प्रदर्शित झाला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. येथे हनुमान स्वर्गातून पाहतो की, पृथ्वीवर एका दुबळ्या मुलाला दांडगी पोरे छळीत आहेत. तो ब्रह्मदेवाकडे जन्माची परवानगी मागतो आणि बजरंगपूर नावाच्या गावी मारुती म्हणून जन्माला येतो. कल्पना वाईट नाही. देवाला आजच्या शाळेत आणून बसविण्यात गंमत आहे, आणि मुले खळखळून हसतात. पण या मारुतीला कशाचीच उणीव नाही. तो येतो आणि दांडग्यांना चोप देतो. छळला गेलेला मुलगा मित्र मिळाला म्हणून सुटतो. आपल्या अंगीही बळ आहे याची आठवण त्याला कोणी करून दिली असे होत नाही. पहिल्या चित्रपटात जांबवान होता. दुसऱ्यात जांबवानाची जागा रिकामी आहे. आमच्या मते दोन्ही चित्रपटांतले अंतर एवढ्याच एका जागी आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते काय? नाही. सणाच्या कार्टूनची खरी पेठ अमेरिका. तेथे नाताळाच्या सुमारास दूरचित्रवाणीवर अर्ध्या तासाची, तासाची खास कार्टुने दाखविण्याची चाल १९६० नंतरच्या दशकात रुजली. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीचा नायक आहे रुडॉल्फ नावाचे लाल नाकाचे हरीण. त्याची जन्मकथा आमच्या धंद्यातल्या माणसाला फार जवळची वाटते.

१९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या बड्या दुकानाने रॉबर्ट मे नावाच्या आपल्या पगारी जाहिरात-लेखकाला, गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी एक गोष्ट लिहावयास सांगितली. त्या काळात मे कर्जात होता, त्याची बायको कर्करोगाने आजारी होती आणि त्याच वर्षी ती वारली. अशा दिवसांत त्याने एका हरणाची गोष्ट लिहिली. त्याचे नाक दिव्यासारखे लाल चमकते, म्हणून बाकीची हरणे त्याला हसतात आणि खेळात घेत नाहीत. पुढे धुक्याच्या रात्री सांताक्लॉजची गाडी त्याच नाकाच्या उजेडात वाट काढते. त्या वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. हक्क मात्र दुकानाचा. १९४७ च्या आरंभी दुकानाने तो हक्क मे याच्या स्वाधीन केला, हे दुकानाच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९४९ साली त्याच्या मेहुण्याने या गोष्टीवर रचलेले गाणे देशभर झाले, आणि ६ डिसेंबर १९६४ रोजी रुडॉल्फ दूरचित्रवाणीवर आला.

हा चित्रपट रेखाटलेला नव्हता, तो बाहुल्यांचा होता. बाहुली केसभर हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला २४ चौकटी. सुमारे ५० मिनिटांचा खेळ, म्हणजे हिशेबाने ७२,००० चौकटी. हे बाहुल्या हलविण्याचे काम अमेरिकेत झाले नाही. ते तोक्योला तादाहितो मोचिनागा यांच्या कारागिरांनी केले. सण अमेरिकेचा, दाम अमेरिकेचे आणि बोटे जपानची!

त्या चित्रपटात रुडॉल्फच्या जोडीला हर्मी नावाचा एक बुटका कारागीर आहे. सांताच्या कारखान्यात खेळणी करणे हे त्याचे काम. पण त्याला व्हायचे आहे दातांचा डॉक्टर. मुकादम त्याच्यावर खेकसतो. रुडॉल्फ आणि हर्मी दोघेही घर सोडून निघतात, आणि वाटेत त्यांना टाकून दिलेल्या खेळण्यांचे बेट लागते. तेथे ठिपक्यांचा हत्ती आहे, मुरंबा उडविणारी पिचकारी आहे, शहामृगावर बसलेला स्वार आहे. या खेळण्यांना कोणी मूल घेत नाही. रुडॉल्फ त्यांना वचन देतो की, तुमची गोष्ट सांताच्या कानावर घालीन.

आता पुढचा प्रकार ऐका. १९६४ च्या त्या पहिल्या खेळात ही खेळणी बेटावरच राहून गेली. हरीण सुखी, कारागीर सुखी, सांता सुखी. वचन विसरले गेले. त्यावर प्रेक्षकांची पत्रे येऊ लागली. त्या खेळण्यांचे काय झाले? दिलेला शब्द कोणी पाळायचा? परिणाम असा झाला की, १९६५ साली चित्रपटाला नवा प्रसंग जोडण्यात आला, आणि सांताची गाडी त्या बेटावर थांबू लागली. बंधूंनो, निवेदने लिहिण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले. पण इतका थोडक्यात आणि इतका पूर्ण मान्य झालेला मागणीअर्ज आम्ही क्वचित पाहिला!

या गोष्टीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे. धुके पडले म्हणून रुडॉल्फचा मान राखला गेला. धुके न पडते तर? माणूस उपयोगी पडला तरच तो आपला, हा मालकी हिशेब या गोष्टीत आहेच. पण प्रेक्षकांच्या पत्रांनी त्याला उत्तर दिले. जी खेळणी कोणाच्या कामाची नव्हती त्यांच्यासाठीच लोकांनी गाडी थांबविली.

आता या रुडॉल्फचे उत्तरार्ध पाहू. १९७६ च्या डिसेंबरात 'रुडॉल्फचे झळझळीत नववर्ष' अशा अर्थाच्या नावाचा दुसरा भाग आला. त्यात नव्या वर्षाचे बाळ हरवते. त्याचे कान मोठे. लोक कान पाहून हसतात, म्हणून ते पळून गेले आहे. ते सापडले नाही तर नवे वर्ष सुरू व्हायचे नाही. रुडॉल्फ त्याला शोधतो आणि आपल्या नाकाची हकीकत सांगतो. या भागात पसारा फार आहे, बेटांमागून बेटे आहेत, मूळ गोष्टीचा आटोपशीरपणा नाही. तरीही आम्ही त्याला टाकाऊ म्हणणार नाही. कारण येथे रुडॉल्फ स्वतःचा विजय पुन्हा साजरा करीत बसत नाही. ज्याच्यावर आज हसले जाते त्याच्यापाशी जाऊन तो म्हणतो, माझ्यावरही हसले होते. म्हणजे काय? रुडॉल्फ जांबवान झाला!

त्याच मंडळींनी १९७९ साली रुडॉल्फ आणि फ्रॉस्टी नावाचा बर्फाचा माणूस यांना एकत्र आणून दीड तासावर लांबीचा तिसरा चित्रपट काढला, आणि तोही भर जुलैतल्या नाताळाचा. दोन प्रसिद्ध नावे, सर्कस, दुष्ट जादूगार, सर्व काही आहे. दोन विजयी नायक एकत्र आणले की मजकूर दुप्पट होतो, उणीव मात्र दुप्पट होत नाही.

आणखी एकच उदाहरण. ९ डिसेंबर १९६५ रोजी 'चार्ली ब्राऊनचा नाताळ' दाखविला गेला. लेखक चार्ल्स शुल्झ, दिग्दर्शक बिल मेलेंडेझ. चार्ली ब्राऊन हा उदास मुलगा. सणात सगळे आनंदी आहेत आणि आपल्यालाच आनंद का होत नाही, हे त्याला कळत नाही. तो सजावटीसाठी बाजारातले सर्वांत मरतुकडे रोप घेऊन येतो आणि सगळे त्याला हसतात. सुमारे सहा महिन्यांत केलेले काम. मुलांच्या भूमिकांना खऱ्या मुलांचे आवाज, मागे हशाचे ध्वनिमुद्रण नाही. दाखविणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते आवडले नव्हते. लोकांनी मात्र ते उचलून धरले. १९९२ साली याच नाताळाचा पुन्हा एक भाग निघाला. त्यात शुल्झ यांच्या वर्तमानपत्री पट्ट्यांतले विनोद एकापुढे एक ओवलेले आहेत. विनोद चांगले आहेत. पण ते मरतुकडे रोप कोठे आहे?

या मेलेंडेझविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १९४१ च्या मे महिन्यात वॉल्ट डिस्नेच्या कारखान्यात चित्रकारांचा संप झाला. संघटना मान्य करा, या मागणीसाठी शेकडो कारागीर दाराशी उभे राहिले. त्या संपात तरुण मेलेंडेझ होता. ज्या हाताने पुढे ते मरतुकडे रोप हलविले, तो हात एकेकाळी संपकऱ्यांच्या रांगेत होता. आपल्या देशातही ही विद्या अशाच हातांनी आली. १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग निघाला, तेव्हा डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे आपल्या चित्रकारांना शिकविले. राम मोहन यांच्यासारखे कलावंत तेथेच तयार झाले. त्या विभागाची पूर्वपीठिका पाहू गेल्यास ती थेट दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीच्या काड्या नाचविल्या तेथवर पोहोचते.

मग दुसरे भाग फिके का पडतात, याचे व्यापारी कारण उघड आहे. जाहिरातदाराला ओळखीचे नाव हवे असते. नव्या गोष्टीत जोखीम, जुन्या नावात खात्री. पहिला भाग काढताना निर्माता विचारतो की हे चालेल काय. दुसरा काढताना तो म्हणतो की हे चालतेच. या 'चालतेच'मध्ये नायकाची उणीव गळून पडते. चित्रकाराची मजुरी तीच, त्याच्या बोटांचे श्रम तेच. पण त्याला हलवावयास दिलेला नायक आतून भरलेला, तृप्त आणि निश्चिंत असतो. तृप्त माणसाची गोष्ट काय सांगणार?

हे चित्रपटापुरतेच खरे असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. चळवळीलाही उत्तरार्ध असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून रविवारची सुट्टी मिळविली. तो दिवस १० जून १८९०. हा पहिला भाग. पुढे आम्ही संघटनावाल्यांनी काय केले? दरवर्षी सभा घेतली, फोटोला हार घातला, जुनी लढाई रंगवून सांगितली. आणि समोर बसलेला पोरगा कंत्राटावर राबणारा, घरोघर पार्सले पोहोचविणारा, ज्याला महिना महिना सुट्टी नाही! त्याला लोखंड्यांचा विजय ऐकवून काय उपयोग? त्याच्याजवळ जाऊन, "त्या लोकांनाही प्रथम असेच हसले होते, आणि तुझ्याही अंगी तेच बळ आहे," असे सांगणारा माणूस हवा. त्याच्या वतीने चार दांडग्यांना चोप देणारा पुढारी त्याला मिळेलही. पण पुढारी गेला की दांडगे परत येतात.

तेव्हा आईबापांना आमची एवढीच सूचना आहे. मुलांना दुसरे भाग पाहू नका असे सांगू नका. ती पाहणारच, आणि हसण्याचा त्यांना हक्क आहे. फक्त चित्रपट संपल्यावर त्यांना विचारा, यात कोण कोणाला हसले, आणि ज्याला हसले त्याच्यापाशी कोण गेले? मुले बरोबर उत्तर देतात. १९६४ साली बेटावर राहिलेली खेळणी कोट्यवधींच्या गर्दीत लोकांना दिसलीच होती.