‘आक्रित’ : ओळखीच्या चेहऱ्याची भीती

आज बचत, कर्ज, हप्ते बाजूला ठेवू आणि एका जुन्या सिनेमाबद्दल बोलू.

कधी घडू नये ते घडलं, की आपल्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात, “आक्रितच झालं गं बाई!” तेच या सिनेमाचं नाव, ‘आक्रित’. 1981 साली आलेला हा मराठी सिनेमा विजय तेंडुलकरांनी लिहिला. अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला सिनेमा. त्यात ते स्वतः आणि चित्रा पालेकर यांनी काम केलं. त्याचा आधार मात्र आपल्याच जिल्ह्यातला आहे, मानवतचं हत्याकांड.

1972 ते 1974 या काळात मानवतमध्ये एकामागून एक मुलींचे आणि बायांचे खून झाले. दुष्काळाचे दिवस होते. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी हे पोलीस अधिकारी आले. गुप्तधन आणि नरबळीची गोष्ट पुढे आली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2024 मध्ये यावरच ‘मानवत मर्डर्स’ ही मालिकाही आली.

आम्ही गटातल्या बायांनी बैठकीनंतर ‘आक्रित’ बघितला. खुनाचा सिनेमा म्हणजे आरडाओरडा, पळापळ, अक्राळविक्राळ चेहऱ्याचा खुनी, असं आम्हाला वाटलं होतं. पण समोर कोण? ‘रजनीगंधा’, ‘गोलमाल’मधला साधा, शेजारच्या घरातला वाटावा असा पालेकर! तिथंच अंगावर काटा आला. राक्षस दिसला असता, तर दार लावून घेतलं असतं. ओळखीच्या माणसाला आपण चहा विचारतो.

सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “त्या काळात माय आम्हाला एकटीला पाण्यालासुद्धा पाठवत नव्हती. गावात नवखा माणूस दिसला, पालावरचं कुणी आलं, की त्याच्यावरच नजर. घरातल्या, भावकीतल्या माणसावर कोण संशय घेणार?”

मैत्रिणींनो, हा सिनेमा आजही बघावासा वाटतो तो यासाठी. तो नुसता घाबरवत नाही. लोभ, मूल हवं असण्याची आस आणि मांत्रिकाचा शब्द एकत्र आले की साधं घर कुठवर जातं, ते तो शांतपणे दाखवतो. आणि गावाची गप्प राहण्याची सवय त्याला कशी साथ देते, तेही आपल्याला कळतं.

आता आपल्याकडे कायदा आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार नरबळी, गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायदा आपणहून दारात येत नाही. त्याला कुणीतरी हाक मारावी लागते.

म्हणून आम्ही गटात ठरवलं आहे. “जमिनीखाली धन आहे”, “पायाळू मूल लागतं”, असं कुणी बोललं, मग तो सासरचा असो की माहेरचा, तर ते बैठकीत सांगायचं. हसण्यावारी न्यायचं नाही. वेळ आलीच, तर 112 ला फोन करायचा.

तुम्हीही सिनेमा बघा, चारचौघी मिळून बघा. आणि बघून झाल्यावर लगेच उठू नका, थोडं बोला. मानवतच्या त्या लेकींसाठी तेव्हा कुणी वेळेवर बोललं नाही. आपल्या लेकींसाठी आपण बोलू या.