मोटारींतील संगीताची कुरकुर

मोटारींत बसून गाणें ऐकण्याची हौस आज सार्वत्रिक झाली असली, तरी तिच्यामागें लागलेली पीडा जुनीच आहे. १९३० सालीं शिकागोच्या गॅल्विन कंपनीनें मोटारींत बसविण्याजोगा रेडिओ तयार केला, तेव्हां विल्यम लीअर व एल्मर वेव्हरिंग या तरुणांना इंजिनच्या ठिणग्यांमुळें होणाऱ्या खरखरीशींच झुंजावें लागलें. घरांतील यंत्र एका जागीं स्वस्थ बसून काम करतें. मोटारींतील यंत्राचा संसार मात्र विजेच्या एका लहानशा कारखान्याच्या शेजारीं असतो.

आवाज बिघडला कीं मालक दुकानाकडे धांव घेतो, आणि दुकानदार नवा स्पीकर घेण्याचा सल्ला देतो. पुष्कळदां हा खर्च व्यर्थ जातो. बिघडलेली वस्तु कोणती हें ठरविण्यापूर्वीं आवाजाचें रूप नीट ऐकावें.

गाण्यामागें बारीक शिट्टी ऐकूं येत असेल, आणि अॅक्सिलरेटर दाबतांच ती चढत व सोडतांच उतरत असेल, तर अल्टरनेटर बोलत आहे असें समजावें. त्याची उलटसुलट वाहणारी वीज डायोड एका दिशेस लावतात खरे, पण तिच्यांतील लाटा पुरत्या सपाट होत नाहींत. त्यांना अॅम्प्लिफायरमध्यें शिरावयाची वाट बहुधा अर्थिंगमधूनच मिळते. मोटारीचें लोखंडी अंग हाच विजेचा परतीचा मार्ग. रेडिओ एका ठिकाणीं व अॅम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणीं त्या अंगास जोडला, आणि एखाद्या सांध्याखालीं रंग किंवा गंज राहिला, कीं दोन्ही ठिकाणच्या विजेच्या दाबांत किंचित् फरक पडतो; तोच शिट्टीच्या रूपानें कानीं येतो. मुंबईच्या खाऱ्या हवेंत व कोंकणच्या पावसांत हे सांधे लवकर गंजतात. बॅटरीची ऋण तार सोडवून, पत्र्यावरचा रंग खरवडून, आंखूड व जाड तारेनें सांधा घट्ट आवळला म्हणजे पुष्कळदां प्रश्न तेथेंच मिटतो. मोबाइल गाडींतील चार्जरला लावून त्याच वेळीं तारेनें गाणें वाजविलें असतांही अशीच शिट्टी येते. चार्जर काढून पाहणें ही सर्वांत स्वस्त परीक्षा. लोक ती सर्वांच्या शेवटीं करतात!

एका बाजूचा स्पीकर मुका झाला, तर डाव्या-उजव्या तारा रेडिओपाशीं आपसांत बदलाव्या. मुकेपणा दुसऱ्या बाजूस गेला तर दोष रेडिओंत. जागचा हलला नाहीं तर स्पीकरमध्यें किंवा त्याच्या तारेंत. दार उघडतां-मिटतां आवाज येत-जात असेल, तर बिजागरीजवळच्या रबरी नळींतील तार तपासावी. हजारों वेळां वांकून ती आवरणाच्या आंत तुटते, आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसते.

आवाज आहे, पण तबल्याचा बायां पोकळ वाटतो, ही तक्रार निराळी. येथें एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट जोडलेल्या असण्याचा संभव फार. एक पडदा पुढें येतो त्याच क्षणीं दुसरा मागें जातो, आणि खर्जाच्या लाटा एकमेकींस खाऊन टाकतात. स्पीकर सोडवून त्यास दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल क्षणभर लावावा; धनास धन मिळालें तर पडदा बाहेर सरकतो.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं जाड तार गुंडाळणाऱ्यांची गोष्ट मात्र हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. बॅटरी बारा व्होल्टचीच असली, तरी तिच्यांतून शेंकडों अँपियर वाहूं शकतात. आवरण घासलेली तार पत्र्यास टेकली, तर फ्यूजवांचून तिला आवरणारें कोणी नसतें, आणि गालिच्याखालीं लाल झालेली तार गाडी पेटवूं शकते. अॅम्प्लिफायरच्या तारेवरील फ्यूज बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आंतच असावा. अॅम्प्लिफायरजवळ बसविलेला फ्यूज मधल्या लांबलचक तारेस वांचवीत नाहीं. तो पुन्हां पुन्हां जात असेल, तर ही तार पत्र्यांतून जेथें आरपार जाते तेथील रबरी कडें शाबूत आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.