मरळ चिलापी खाते का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे माजी मालगुजारी तलावांना लोक थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. अशा तलावात चिलापी शिरली की एक सल्ला हमखास मिळतो: मरळ सोडा, ती चिलापी फस्त करील. सल्ला अर्धा खरा आहे.

चिलापी मूळची आफ्रिकेची. १९५२ साली ती भारतात आणली गेली. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. बघता बघता तलाव बोटभर चिलापींनी भरतो आणि रोहू-कतल्याच्या खाद्याला वाटेकरी होतो. फटका बसतो तो ढिवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीला.

आता मरळ. ती पाठलाग करणारी नव्हे, दबा धरणारी. काठच्या पाणवनस्पतींत निश्चल राहते आणि समोर आलेले भक्ष्य अख्खे गिळते. त्यामुळे भक्ष्य केवढे, हे तिचा जबडा ठरवतो. त्यातही जे पुष्कळ आणि सहज सापडणारे, ते आधी पोटात जाते. देशी-परदेशी हा भेद आपला, माशाचा नव्हे! चिलापीची पिल्ले ती खाते; पण वाढलेली चिलापी रुंद अंगाची, पाठीवर काटे, ती घशाखाली उतरत नाही. उलट नुकतीच सोडलेली रोहूची बोटुकली सडपातळ, गिळायला सोपी. म्हणून मरळ शत्रू ठरते, वेचून काढली जाते आणि चिलापीला रान मोकळे मिळते.

यापेक्षा बोटुकली शेजारच्या बोडीत काही महिने वाढवून, पंजाएवढी झाल्यावर सोडावी. खर्च आणि राखण वाढेल, हे खरे. मोठी चिलापी मात्र जाळ्यानेच काढायची. बाजारात तिला गिऱ्हाईक आहे, उजनीच्या काठी विचारा. बेशरम उपटताना देशी पाणवनस्पती राहू द्याव्यात, नाहीतर मरळीने दबा धरायचा कुठे?

बाहेरचा शिकारी आणण्याचा मोह मात्र नको. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च सोडला. पुढे तिथल्या कितीतरी छोट्या जाती नाहीशा झाल्या. आपल्याकडे ‘थाई मांगूर’वर २०००पासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो.

मरळ तर इथलीच आहे. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसतो, खाली आई-बाप राखण करत असतात. तेवढे दिवस त्या जागी गळ टाकू नये.