खडा फेकून देऊ नका



मुतखडा फोडण्यात आपण डॉक्टर आता तरबेज झालो आहोत. 1980 साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णाचा खडा बाहेरून शॉकवेव्हने फोडला गेला. दुर्बीण आली, लेझर आलं. रुग्ण खडा काढून घरी जातो आणि काही वर्षांनी नवा खडा घेऊन परत येतो. आपल्या हातखंड्याचं कौतुक पुढच्या सत्रांत भरपूर होईल. मला बोलायचंय ते खडा मुळात धरतो कुठे, यावर.

फिलाडेल्फियाच्या अलेक्झांडर रँडल यांनी शेकडो मृतांची मूत्रपिंडं उघडून पाहिली. पॅपिलाच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या शंकूसारख्या उंचवट्याच्या, टोकाशी, आवरणाखाली, त्यांना पांढरट डाग दिसले. काही डागांवर खडा चिकटलेला होता. 1937 साली त्यांनी हे सविस्तर लिहिलं. मात्र हा डाग सुरू कुठे होतो, हे कळायला 2003 उजाडावं लागलं. अँड्र्यू एव्हन, जेम्स लिंगमन आणि फ्रेड्रिक को यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले पॅपिलाचे तुकडे तपासले. डागाची सुरुवात हेन्लेच्या लूपच्या बारीक नळीभोवतीच्या तळपटलात होती, आणि तो होता कॅल्शियम फॉस्फेटचा! त्यावर वाढणारा खडा मात्र बहुतांशी कॅल्शियम ऑक्झलेटचा. म्हणजे पाया ऊतीत आणि इमारत लघवीत. त्याच अभ्यासात आतड्याच्या बायपासनंतर खडे झालेल्यांमध्ये असे डागच नव्हते; तिथे स्फटिक संग्राहक नलिकांत अडकले होते. सगळ्या खड्यांना एकच चिठ्ठी लिहून देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

2018 मध्ये ब्रूस फाउक या भूवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खडा नुसता वाढत जात नाही; मूत्रपिंडात असतानाच तो अंशतः विरघळतो आणि त्यावर पुन्हा थर बसतात, असं त्यांना आढळलं. जी वस्तू आपण बादलीत टाकतो, ती दगड अभ्यासणाऱ्याने जपून पाहिली, याची मला जरा लाजच वाटली.

आहाराच्या बाबतीतही आपलं असंच दुर्लक्ष. ‘दूध बंद करा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. इटलीत संशोधक बोर्गी यांनी लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर पाच वर्षं प्रयोग केला. कमी कॅल्शियम घेणाऱ्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकंच, पण मीठ आणि मांसाहार कमी, अशा 60 जणांपैकी फक्त 12 जणांना. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, हे त्यामागचं साधं कारण. निकाल 2002 चा आहे. किती वाट पाहायची?

2016 मध्ये ह्यूस्टनच्या जेफ्री रायमर यांच्या गटाने हायड्रॉक्सिसायट्रेटमुळे ऑक्झलेटचे स्फटिक विरघळताना दाखवले. हे आम्ल आपल्या कोकमातही असतं. तेवढ्यावरून उद्या कुणी सोलकढी लिहून देऊ नये. प्रयोगशाळेतला स्फटिक वेगळा आणि पेशंट वेगळा. पण कोकणातल्या एखाद्या तरुण संशोधकाने हा प्रश्न हाती घ्यावा, असं मला फार वाटतं.

माझी मागणी मोजकी आहे. काढलेल्या खड्याचा तुकडा तपासणीला जावा, दुर्बिणीतून दिसलेल्या पॅपिलाची नोंद व्हावी, आणि वारंवार खडे होणाऱ्याची 24 तासांची लघवी तपासली जावी. खर्चाची सबब लेझर विकत घेताना कुणी सांगितली नव्हती. दुपारच्या सभेत हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. विरोध असलेल्यांनी जेवणाआधीच मला गाठावं.