पंखाखालचा पारा

छोट्या विमानाच्या अंगावर बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर असतो. बाहेरची हवा किती गरम, किती थंड, ते तो वैमानिकाला सांगतो. त्याची जागा चुकली तर ते कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण आकडा दिसतच राहतो.

एका विमानात हा आकडा कायम चार-पाच अंश चढा यायचा. सेन्सर बदलला, वायर बदलली, फरक शून्य. शेवटी मी विमानाखाली आडवा झालो. एक्झॉस्टच्या नळीपासून पोटावरून मागे काजळीचा आणि तेलाचा पट्टा गेला होता, आणि सेन्सर बरोबर त्या पट्ट्यात! इंजिनाची गरम हवा तो मोजत होता. आम्ही तो पंखाखाली, तपासणीच्या झाकणावर हलवला. तिथे दिवसभर सावली असते, इंजिन लांब असतं आणि वारा मोकळा लागतो. चहाच्या ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेऊन त्यात टोक बुडवलं, आकडा शून्यावर आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

चार अंशांनी काय बिघडतं? पावसाळी ढगात खरं तापमान शून्य असताना आकडा चार दाखवत असेल, तर पंखावर बर्फ धरू लागेल आणि वैमानिक निर्धास्त राहील. कार्बोरेटरचं दुखणं वेगळंच. त्याच्या आत हवा वीस अंशांहूनही जास्त थंड होऊ शकते. म्हणून कोकणातल्या दमट हवेत, बाहेर वीस-बावीस अंश असतानाही आत बर्फ जमू शकतो.

जुन्या विमानांत समोरच्या काचेतून आरपार बसवलेला तबकडीचा तापमापक असे. त्याला उन्हाची झळ लागते, केबिनची ऊबही पोचते. वेगाचीही थोडी भर पडते: 100 नॉटला सुमारे सव्वा अंश, 200 नॉटला पाच. तेवढा भाग जागा बदलून जात नाही, तो वजाच करावा लागतो. आणि तापलेल्या धावपट्टीवर उभं असताना कुठलाच सेन्सर खरं सांगत नाही. उड्डाणाचं गणित विमानतळाच्या हवामान अहवालावरूनच करावं. दर अंशाला घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, सुमारे 120 फूट बदलते.

नवा सेन्सर बसवायचा असेल तर आधी भोक पाडू नका. विमानाचं पोट स्वच्छ पुसा, दोन-तीन तास उडवून आणा, मग टॉर्च घेऊन खाली वाका आणि पट्टा कुठून गेलाय ते बघा.