शरीराची आवरणे आणि शिक्षकाचे कर्तव्य

(भाईंदर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले भाषण)



आपण आज जेथे जमलो आहोत, त्या भाईंदरच्या मिठागरांत कष्टकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी राबून मीठ पिकविले. अशा पायाचा तळवा आठवा : जाड, कठीण, भेगाळलेला. आता आपल्याच गालास आतून जीभ लावून पाहा : तेथील आवरण मऊ व ओलसर. तरीही ही दोन्ही आवरणे एकाच जातीच्या पेशींची आहेत. त्यांस अभिस्तर पेशी म्हणतात. शरीराचा बाह्य पृष्ठभाग व आतील पोकळ्या यांवर त्या एकमेकींस घट्ट बिलगून पसरलेल्या असतात. त्यांच्या थरात रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच अगदी वरवरच्या ओरखड्यातून रक्त येत नाही.

जसे काम, तशी पेशींची घडण, हे सूत्र मुलांच्या मनावर ठसवावे. फुप्फुसाच्या वायुकोशांतून प्राणवायू रक्तात जावयाचा असतो. तेथे चपट्या पेशींचा एकच थर असतो. मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी घनाकार, तर आतड्यातील स्तंभाकार. शोषण व स्राव हे त्यांचे कार्य होय. श्वासनलिकेतील पेशींचे सूक्ष्म रोम धूळ व कफ वर लोटतात. जेथे घर्षण, तेथे मात्र थरावर थर. तळव्याचे वरचे मृत, कठीण थर झिजत जातात व खालून नवे येत राहतात.

गालाच्या आतही थर अनेक असतात. परंतु तळव्याचे ते कठीण कवच तेथे नसते. मिश्री व तंबाखू यांतील विषारी द्रव्ये या मऊ आवरणास वर्षानुवर्षे लागत राहिली, की पेशी विकृत होतात. तोंडाचे बहुतेक कर्करोग याच आवरणात उद्भवतात. तोंडातील पांढरा वा तांबडा चट्टा दुखत नसला, तरी दोन आठवड्यांत न गेल्यास तो डॉक्टरांस दाखविलाच पाहिजे. आपल्या राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. परंतु घरातील मिश्रीची डबी केवळ कायद्याने रिकामी होत नाही. तेथे मुलाचा शब्द पोहोचतो.

म्हणून हा पाठ केवळ फळ्यावर संपवू नये. स्वच्छ काडीच्या बोथट टोकाने गाल आतून हळूच खरवडावा, काचपट्टीवर मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब द्यावा व सूक्ष्मदर्शकातून पाहावे. निळ्या केंद्रकाच्या चपट्या पेशी स्पष्ट दिसतील. स्वतःची पेशी पाहिलेले मूल घरी आजीस ते सांगितल्यावाचून राहणार नाही.

आणि ज्या शिक्षकाच्या खिशात तंबाखूची पुडी असेल, त्याने वर्गात शिरण्यापूर्वी ती कायमची टाकून द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.