एका विजयाचं अंतर



 क्रिकेट ज्यांच्या रक्तात आहे अशा श्रोत्यांपुढे मी एका अमेरिकन संघाची गोष्ट सांगणार आहे. संघाचं नाव सिअ‍ॅटल मरिनर्स. तुमच्यापैकी काहींची मुलं-नातवंडं सिअ‍ॅटल, बेलव्यू, रेडमंड या भागात मायक्रोसॉफ्ट किंवा अ‍ॅमेझॉनमध्ये नोकरी करत असतील; त्यांच्या तोंडून हे नाव कानावर आलं असेल. या संघाच्या निमित्ताने मला एक प्रश्न तपासायचा आहे. लांबलचक साखळी खेळून झाल्यावर बाद फेरीचं दार किती संघांसाठी उघडावं?

आधी या खेळाचा पसारा पाहू. मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत. 15 अमेरिकन लीगमध्ये, 15 नॅशनल लीगमध्ये. प्रत्येक संघ वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत 162 सामने खेळतो. आयपीएलमध्ये एका संघाच्या वाट्याला साखळीत 14 सामने येतात, हे लक्षात घेतलं की फरक कळेल. बेसबॉलमध्ये शंभर सामने जिंकणारा संघ बलाढ्य मानला जातो, आणि तोही 62 सामने हरलेला असतो. रोजच्या खेळात नशिबाचा वाटा इतका मोठा असतो, की खरा दर्जा कळायला सहा महिने लागतात. म्हणून तर साखळी एवढी लांब.

1968 पर्यंत दार अगदी अरुंद होतं. दोन लीगचे दोन विजेते, आणि थेट त्यांच्यात वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका. 1969 मध्ये प्रत्येक लीगचे दोन विभाग झाले आणि चार संघ पुढे जाऊ लागले. ही पद्धत 1993 पर्यंत टिकली, आणि त्याच वर्षी तिच्यातला अन्याय उघडा पडला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने 103 सामने जिंकले. पण त्यांच्याच विभागात अटलांटा ब्रेव्हजने 104 जिंकले. एका विजयाने मागे राहिलेला जायंट्स घरी बसला. पुढच्या वर्षापासून प्रत्येक लीगचे तीन विभाग झाले आणि विभागात पहिला न आलेल्या सर्वोत्तम संघासाठी वाइल्ड कार्डची जागा आली. 1994 चा हंगाम खेळाडूंच्या संपात वाहून गेल्यामुळे ती प्रत्यक्षात 1995 मध्ये वापरली गेली. 2012 पासून दोन वाइल्ड कार्ड, म्हणजे एकूण दहा संघ. करोनाच्या 2020 मध्ये 60 सामन्यांच्या हंगामानंतर तात्पुरते सोळा संघ. आणि 2022 पासून बारा.

बारा हा आकडा वाटाघाटीतून आला. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार संपला, मालकांनी 99 दिवस टाळेबंदी केली, आणि 10 मार्च 2022 रोजी तोडगा निघाला. मालकांना चौदा संघ हवे होते, कारण बाद फेरीचे जादा सामने म्हणजे प्रक्षेपणाचा जादा पैसा. खेळाडू बारांवर थांबले.

आता नियम असा आहे. प्रत्येक लीगमधून सहा संघ: तीन विभागविजेते, तीन वाइल्ड कार्ड. पहिल्या दोन विभागविजेत्यांना बाय मिळतो, म्हणजे ते पहिली फेरी न खेळता पुढे जातात. उरलेल्या चौघांत तीन सामन्यांच्या मालिका होतात, आणि त्या सगळ्या वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. पुढची फेरी पाच सामन्यांची, लीगची अंतिम फेरी सातची, वर्ल्ड सिरीजही सातची.

या नियमाचा खरा अर्थ थोड्या गणिताने उलगडतो. समजा, एखादा संघ समोरच्यापेक्षा सरस आहे आणि दर सामना जिंकण्याची त्याची शक्यता 55 टक्के आहे. बेसबॉलमध्ये हे वर्चस्व चांगलंच म्हणायचं. तरी तीन सामन्यांची मालिका तो फक्त 57 टक्के वेळा जिंकेल. पाच सामन्यांची 59 टक्के, सातची 61 टक्के. आता सलग फेऱ्यांचा गुणाकार करा. बाय मिळालेल्या अशा संघाची विजेतेपदाची शक्यता साधारण 22 टक्के भरते. तोच संघ बाय हुकल्यामुळे चार फेऱ्या खेळला, तर शक्यता साडेबारा टक्क्यांवर येते. संघ तोच, खेळाडू तेच. साखळीत मिळवलेल्या दोन-चार जादा विजयांची ही किंमत आहे.

छोट्या मालिकेत दुबळा संघ कसा जिंकतो, याचं कारणही समजून घेऊ. साखळीत जवळजवळ रोज सामना असतो, म्हणून संघाला आलटून पालटून पाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, लागतात. मधल्या सुट्ट्यांमुळे बाद फेरीत दोन-तीन उत्तम पिचरांवर निभावता येतं. 2022 मध्ये फिलाडेल्फिया फिलीजने 87 सामने जिंकून नॅशनल लीगचं सहावं, म्हणजे शेवटचं स्थान मिळवलं. पण त्यांच्याकडे झॅक व्हीलर आणि अ‍ॅरन नोला हे दोन अव्वल पिचर होते. त्यांनी 101 विजयांच्या ब्रेव्हजला हरवलं आणि थेट वर्ल्ड सिरीज गाठली. त्याच वर्षी 101 सामने जिंकलेला न्यू यॉर्क मेट्स तीन सामन्यांत, तोही स्वत:च्या मैदानावर, बाहेर पडला. 111 सामने जिंकलेल्या लॉस एंजेलिस डॉजर्सला 89 विजयांच्या सॅन डिएगो पाड्रेजने हरवलं. नव्या पद्धतीवरचा पहिला आक्षेप हाच आहे: सहा महिन्यांची मेहनत चार दिवसांत पुसली जाते. आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

आता सिअ‍ॅटलकडे येऊ. या शहराने एक संघ आधीच गमावला होता. 1969 मध्ये आलेला पायलट्स हा संघ एकच हंगाम खेळून मिलवॉकीला गेला. मरिनर्स 1977 मध्ये आले. पहिली अठरा वर्षं त्यांनी बाद फेरी पाहिली नाही. 1995 मध्ये हाही संघ शहर सोडणार अशी चिन्हं होती. नव्या मैदानासाठी कर वाढवण्याचा प्रस्ताव सप्टेंबरमध्ये मतदारांनी थोडक्या मतांनी फेटाळला होता. पण त्याच वेळी मैदानावर वेगळंच घडत होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला कॅलिफोर्निया एंजल्सच्या तब्बल 13 सामने मागे असलेल्या मरिनर्सने हंगाम संपेपर्यंत त्यांना गाठलं. निर्णायक सामन्यात रँडी जॉन्सनच्या पिचिंगवर त्यांनी एंजल्सना 9-1 असं हरवलं. पुढच्या फेरीत गाठ न्यू यॉर्क यँकीजशी, पाच सामन्यांची मालिका. पाचव्या सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये, एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात फटका मारला आणि केन ग्रिफी ज्युनिअर पहिल्या बेसवरून धावत होमला पोचला; मालिका मरिनर्सने जिंकली. त्या ऑक्टोबरातच राज्याच्या विधिमंडळाने मैदानासाठी पैशाची तरतूद केली. संघ शहरात राहिला.

यातली एक गोष्ट अधोरेखित करतो. यँकीज त्या वर्षी वाइल्ड कार्डने आले होते, आणि ती फेरी नव्याने वाढवलेल्या पद्धतीमुळेच खेळली गेली. जुना नियम असता तर ती मालिकाच झाली नसती. दार रुंद केल्याने एका शहराचा खेळ वाचला, हे मी कधी विसरत नाही.

2001 मध्ये मरिनर्सने 116 सामने जिंकले. शिकागो कब्जच्या 1906 च्या विक्रमाची बरोबरी झाली. जपानहून आलेल्या इचिरो सुझुकीचा तिथला तो पहिला हंगाम. तरी ऑक्टोबरात यँकीजने त्यांना पाच सामन्यांत गुंडाळलं. त्यानंतर 21 वर्षांचा दुष्काळ पडला. एक पिढी बाद फेरी न पाहता मोठी झाली.

2021 मध्ये आशा पालवली. संघाने 90 सामने जिंकले; शेवटच्या दिवसापर्यंत शक्यता जिवंत होती. इथे शक्यता मोजतात कशी, हे सांगायला हवं. प्रत्येक संघाची ताकद अंदाजून उरलेले सामने संगणकावर हजारो वेळा खेळवले जातात, आणि त्यांतल्या किती वेळा संघ पात्र ठरतो ते पाहिलं जातं. ताकद मोजताना विजयांपेक्षा धावांना जास्त वजन असतं. बिल जेम्स या अभ्यासकाचं सूत्र प्रसिद्ध आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्या, आणि त्याला केलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. मरिनर्सने त्या वर्षी 697 धावा केल्या आणि 748 दिल्या. सूत्राप्रमाणे हे 75 विजयांचं काम होतं. प्रत्यक्षात 90 मिळाले. चुरशीचे सामने त्यांच्या बाजूने झुकले. म्हणून त्या उन्हाळ्यात आकडे सिअ‍ॅटलवर विश्वास ठेवायला तयार नव्हते आणि शहर आकड्यांवर. शेवटी ते दोन विजयांनी हुकले.

2022 मध्ये संघ खरोखरच भक्कम झाला. जुलैअखेरीस व्यवस्थापनाने सिनसिनाटीकडून लुईस कास्टिलो हा पिचर आणला. 30 सप्टेंबरच्या रात्री ओकलंडविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये, दोन गडी बाद असताना, बदली फलंदाज कॅल रॅलीने होमरन मारला आणि दुष्काळ संपला. बाद फेरीत टोरंटोविरुद्ध कास्टिलोने पहिला सामना जिंकून दिला. दुसऱ्यात संघ 8-1 असा मागे पडला आणि 10-9 असा जिंकला. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजविरुद्ध मात्र तिन्ही सामने गेले. शेवटचा तर 18 इनिंग चालला आणि 1-0 असा गेला.

सगळ्यांना वाटलं, नव्या पद्धतीने सिअ‍ॅटलला आत घेतलं. आकडे वेगळं सांगतात. त्या वर्षी 90 विजयांसह मरिनर्स दुसरे वाइल्ड कार्ड होते. जुन्या नियमानेही ते आत आलेच असते. आता पुढची वर्षं पाहा. 2023 मध्ये 88 विजय. तिसरं वाइल्ड कार्ड टोरंटोला 89 वर मिळालं. 2024 मध्ये 85 विजय. शेवटच्या दोन जागा 86 विजयांवर गेल्या. दोन्ही वर्षी एका विजयाने हुकले. मागे जाऊन 2021 ला नवा नियम लावला तरी सहावी जागा 91 विजयांच्या टोरंटोकडे जाते. पुन्हा एकच विजय कमी. आणि 2025 मध्ये 90 विजयांनी मरिनर्सने 2001 नंतर प्रथमच विभाग जिंकला. ते दहा संघांच्या नियमानेही आत आले असते. म्हणजे 2022 मध्ये वाढवलेल्या दाराने या संघाला आजवर एकही जागा दिलेली नाही.

मग दिलं काय? सप्टेंबर दिला. 2023 आणि 2024 मध्ये शेवटच्या आठवड्यांपर्यंत प्रत्येक सामना मोलाचा राहिला. जुलैमध्ये खेळाडू विकून टाकण्याऐवजी कास्टिलोसारखा पिचर आणायला व्यवस्थापनाला कारण राहतं. ही पद्धतीची खरी कमाई आहे, आणि ती मला मोठी वाटते.

श्रोतेहो, आता माझी बाजू मांडतो. मालकांची चौदा संघांची मागणी त्या वेळी मान्य झाली असती, तर 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी सातवा संघ म्हणून सिअ‍ॅटल आत गेला असता. या संघावर जीव असूनही मी म्हणतो, की ते झालं नाही हे बरं झालं. एका विजयाने हुकलेल्या संघाला एप्रिलमधला ढिलाईने घालवलेला सामना आठवतो. ती बोच 162 सामन्यांच्या साखळीचा प्राण आहे. दार इतकं रुंद केलं की आत जायला साधारण खेळ पुरेल, तर एप्रिलमध्ये मैदानावर यायचं कशाला?

आणि ढासळलेल्या न्यायाचं काय, हा पहिला आक्षेप? त्याचं उत्तर बायमध्ये आणि यजमानपदात आहे. पहिल्या चार वर्षांत 2022 ला अव्वल क्रमांकाचा अ‍ॅस्ट्रोज जिंकला, 2023 ला वाइल्ड कार्डवरचा टेक्सस रेंजर्स, 2024 ला अव्वल डॉजर्स, आणि 2025 ला तेच डॉजर्स बाय नसताना. बलाढ्य संघाला हमी नाही, पण वाट सोपी आहे. लहान संघाला वाट बिकट, पण बंद नाही. ही वाटणी मला न्याय्य वाटते. म्हणून संघ बाराच राहोत आणि बायचं वजन कमी करू नये, असं माझं ठाम मत आहे.

2025 च्या ऑक्टोबरात मरिनर्सना या नियमाचा लाभ हक्काने मिळाला. बाय घेऊन त्यांनी डेट्रॉइटला पाचव्या सामन्यात पंधराव्या इनिंगमध्ये हरवलं. त्या हंगामात 60 होमरन मारलेला कॅल रॅली त्यांच्यात होताच. लीगच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात ते 3-1 असे पुढे होते. सातव्या इनिंगमध्ये टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला आणि सामना 4-3 असा गेला. वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला हा आजही लीगमधला एकमेव संघ आहे.

त्यांची शक्यता कुणी विचारली तर मी टक्के सांगणार नाही. एवढंच सांगेन, की ती ऑक्टोबरात ठरत नाही. विभाग जिंकण्यात, बाय मिळवण्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी अर्ध्या रिकाम्या मैदानावर मिळवलेल्या विजयात ती ठरते. स्पर्धेचे नियम लिहिणाऱ्यांनी त्या मंगळवारच्या सामन्याची किंमत राखावी, एवढीच मागणी आहे.